पासोडीखाली बारा मोजेपर्यंत

आधीच सांगून टाकते... भूत, चकवा, करणी, भानामती यातलं काहीही मला कधी खरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. माझे वडील अकोल्याला पंतोजी होते. लहानपणी एकदा मी म्हटलं की मागच्या चिंचेवर हडळ आहे, तर बाबांनी मला भरदुपारी त्याच चिंचेखाली बसवून तीसपर्यंत पाढे म्हणायला लावले. हडळ आली नाही, पाढे मात्र पाठ झाले. अशा घरातली मी.

या मासिकात वाचकांचे अनुभव छापून येतात ते मी वाचते, आणि खरं सांगू, बहुतेक वेळा हसते. कुणाला पिंपळाखाली पांढरं लुगडं दिसतं. अहो, वाळत घातलं असेल कुणीतरी! कुणाच्या घरात भांडी आपोआप पडतात. मांजर नाही का घरात? पण परवा माझ्या नातसुनेनं माझ्या पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक काच पाहिली, आणि विचारलं, "आजी, हे बाळ कुणाचं?" चाळीस वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. घरातल्या जुन्या माणसांना माहीत होतं म्हणून, आणि नव्यांना मी काच दाखवलीच नव्हती म्हणून. तिला सांगता सांगता रडू आवरेना, तेव्हा ती म्हणाली, लिहून काढा. म्हणून लिहिते. भाषा जशी येईल तशी येईल, संपादकांनी संभाळून घ्यावं.

गोष्ट कापसाच्या तेजीतली. अमेरिकेत कुठे लढाई चालली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकदम भाग्य आलं. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आमची शेती चांदुराकडे, पण त्या दोन-तीन वर्षांत आम्ही अमरावतीलाच राहायला आलो होतो. परकोटाच्या बाहेर, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोठं आवार होतं. आवारात घर, आणि घरापेक्षा उंच कापसाच्या गाठींच्या थप्प्या. मोठे दीर शेतीवर असत. घरात माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, थोरल्या जाऊबाई म्हणजे जिजी, आमचे हे, मी, आणि माझा बापू.

बापूचं नाव सासऱ्यांचं ठेवलेलं. ते नाव घरातल्या बायकांनी तोंडातून कसं काढायचं? म्हणून बापू. मी अठराची आणि तो माझा पहिला. गोरा नव्हता, पण काय गुबगुबीत! कडेवर घेतलं की अर्ध्या घटकेत हात भरून यायचे. जिजींना मूल नव्हतं, त्या त्याला दिवसभर अंगाखांद्यावर खेळवायच्या, पण झोप आली की त्याला मीच लागायची. माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटायचा नाही. दुसरं बोट दिलं तर रडायचा, इतका पक्का!

माघात तो वर्षाचा झाला. आमचे हे त्याआधी मालाबरोबर मुंबईला जाऊन आले होते आणि तिथल्या शेटजींच्या दिवाणखान्यात पोराबाळांच्या तसबिरी पाहून आले होते. आता तुम्ही फोटो म्हणता. त्यांनी डोक्यातच घेतलं की बापूच्या वाढदिवसाला तसबीर काढायचीच. नेमका मुंबईचा एक तसबीरवाला तेव्हा गावात उतरला होता, कापसाच्या गोऱ्या साहेबांच्या तसबिरी काढायला. चाळिशीचा, बारीक, आणि त्याच्या सगळ्या बोटांची टोकं काळी. औषधानं पडतात म्हणे. त्याची छकड्यावरची ती काळ्या कापडाची राहुटी, आणि तिच्यातून येणारा दारू आणि औषध यांच्या मधला वास! आत्याबाईंनी नाकाला पदर लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

घरात उजेड पुरायचा नाही म्हणून त्यानं जागा बाहेर निवडली. गाठींच्या थप्पीच्या सावलीत एक लाकडी खुर्ची ठेवली. खुर्चीच्या पाठीला तीन उभ्या पट्ट्या होत्या. हे मुद्दाम सांगते, लक्षात ठेवा. दुपारचे तीन वाजले असतील. औक्षण झालं होतं. बापूला नवीन अंगडं-टोपडं घातलं, पायांत वाळे, गालावर तीट.

पहिल्या काचेला बापूला एकट्यालाच खुर्चीत बसवलं. बारा अंक मोजेपर्यंत मुळीच हलायचं नाही, असं तसबीरवाला म्हणाला. वर्षाच्या पोराला! तीन मोजून व्हायच्या आत बापूनं मान फिरवली, जिजींनी खुळखुळा वाजवला तर पार मागे वळला. काच धुऊन आणली तेव्हा पायांतले वाळे अगदी स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

"पाहा बुवा, डोस्कंच नाई!" आत्याबाई म्हणाल्या. "असलं अभद्र घरात नोको."

तसबीरवाला ओशाळला. मग म्हणाला, "मुंबईला लहान मुलांचं आम्ही दुसऱ्या रीतीनं करतो. खुर्चीत आईला बसवायचं, तिच्या अंगावरून डोक्यासकट चादर टाकायची, आणि तिच्या मांडीवर मूल. मूल आईजवळ असतं म्हणून शांत बसतं आणि आई काही ओळखू येत नाही. चादरीचा उंचवटा तेवढा दिसतो, तो चौकटीत झाकून टाकतो. मात्र बाई हलल्या तर गेलं सगळं... माझ्याजवळ तयार काच आता ही एकच आहे."

आत्याबाईंना हे एकदम पसंत पडलं. परक्या माणसाच्या पेटीसमोर सुनेनं तोंड उघडं टाकून बसावं हे त्यांना नकोच होतं. त्यांनी आतून त्यांची पासोडी आणली, घरच्या सुताची, जाडजूड, दुहेरी.

"बस पोरी. अन् हलशीन नोको हां," त्या म्हणाल्या. "आपलं लेकरू साजरं आलं पायजे."

मी बसले. डोक्यावरून पासोडी पडली आणि सगळं मंद पिवळं झालं. बाहेरचं काही दिसेना. मग जिजींनी बापूला माझ्या मांडीवर बसवलं. तो आधी कुरकुरला, मी आतून हळूच "बापूऽ" म्हटलं आणि पासोडीतूनच उजव्या हाताचं बोट पुढे केलं. त्यानं ते कापडासकट मुठीत धरलं. झाला गप्प! दोन्ही हातांनी मी त्याला पासोडीतून वेढून धरलं. त्याचं ऊन अंग, त्याचं ते वजन, वाळ्यांची किणकिण... सगळं कालच्यासारखं आठवतं.

"आता कुणी बोलू नका," तसबीरवाला म्हणाला. झाकण काढल्याचा आवाज झाला. "एक... दोन... तीन..."

तीनला माझी मांडी रिकामी झाली.

कुणी उचललं नाही. मूल उचललं तर आईला कळतं, हाताला ओढ बसते. हे तसं नव्हतंच. होतं आणि नव्हतं. बोटावरची मूठ गेली. वाळे वाजायचे थांबले. त्याच्याभोवती वेढलेले माझे दोन्ही हात एकमेकांना लागले, आणि मध्ये फक्त पासोडी. मांडीवर हवा लागावी तसं गार लागलं.

मला ओरडायचं होतं. शपथेवर सांगते, मला ओरडायचं होतं! पासोडी फेकून द्यायची होती. पण बाहेर सगळे शांत होते. तो मोजत होता, "सहा... सात..." आणि माझ्या मनात काय आलं असेल? काच एकच आहे. मी हलले तर यांची तसबीर वाया जाईल. आत्याबाई म्हणतील, एवढंही जमलं नाही. मूल पडलं असतं तर कुणी ओरडलं असतं ना, मग बाहेर सगळं ठीकच असणार... असं मी स्वतःला सांगत राहिले. बारा मोजेपर्यंत मी हलले नाही.

बारा झाले, झाकण बसलं, आणि वजन परत आलं. मूठ बोटावर आली. वाळे वाजले. बाहेर हशा झाला, जिजी म्हणाल्या, "काय बसला वं माय, मूर्तीसारखा!" मी पासोडी काढून बापूला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

तसबीरवाला घाईनं राहुटीत गेला, काच ओली असतानाच धुवावी लागते म्हणून. थोड्या वेळानं बाहेर आला तो आनंदात. काचेच्या मागे काळं फडकं धरून त्यानं ती आमच्यासमोर केली. आणि काय आली होती तसबीर! बापूचे डोळे, गालावरची तीट, टोपड्याची झालर, सगळं सगळं. केसभरसुद्धा हललेला नाही. आमचे हे तर बघतच राहिले.

आत्याबाईंनी पदर नाकावरून काढला नाहीच, पण वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "अन् सूनबाई कुठी हाय?"

"त्या पासोडीखाली आहेत ना," तसबीरवाला म्हणाला. "तीच तर युक्ती..." आणि थांबला.

पासोडीखाली कुणी नव्हतं. पासोडी खुर्चीच्या पाठीवरून सरळ खाली आली होती आणि तिच्यातून पाठीच्या तिन्ही पट्ट्या उमटल्या होत्या. बैठकीवर ती सपाट पसरली होती. त्या सपाट पासोडीवर बापू एकटा ताठ बसला होता, आणि त्याच्या उजव्या मुठीत पासोडीची चुणी होती. चुणीत बोट नव्हतं.

"तू मधातच उठली होती काय?" ह्यांनी विचारलं.

"कायची उठते ती!" जिजी म्हणाल्या. "मी समोर उभी होती. डोस्क्याचा उंचवटा दिसून राहिला होता मले."

तसबीरवाल्यानं काच तीनदा फिरवून पाहिली. "असं माझ्या हातून कधी झालं नाही," एवढंच म्हणाला. पुरणाचं ताट वाढलं होतं तेही न जेवता गेला. पुढे दोन दिवसांनी निरोप पाठवला तर गाव सोडून गेला होता. त्याचा पत्ता पुन्हा कधी लागला नाही.

आत्याबाईंबद्दल कुणी वाईट मनात आणू नका. सासुरवास वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलीजवळ मला बसवून बोलल्या, आणि बोलताना त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. त्यांची पाठची बहीण बाळंतपणानंतर वर्षाच्या आत गेली होती. तिचं लेकरू दुसऱ्या कुणाजवळ राहीना, कुणाच्या हातचं घेईना, आणि नवव्या दिवशी तेही गेलं.

"तसबिरीत लेकरू हाय अन् माय नाई," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ मी काय सांगू तुले? मह्या तोंडून निंघत नाई. पण सांगतो ते आइक. माय गेल्यावर लेकराले दुसऱ्याची सवय लागत नाई वं. माय जिती असतानाच लावा लागते."

मी मरणार असं सगळ्यांनी धरलं. आमचे हे आधी चिडले, काच फोडायला निघाले, मग तेही मानायला लागले. गुरवानं आणि जोशीबुवांनीही मान हलवली. येत्या आखाडापर्यंत जपा, म्हणाले.

आणि मी? मांडी रिकामी झाली होती हे मी कुणाला सांगितलं नाही.

याचं कारण आता लिहिते. आजवर ते मी एकाच माणसाला सांगितलं आहे. मला भीती वाटली नव्हती... मला बरं वाटलं होतं. तो चाललेला बोभाटा ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. तसबिरीत आई नाही म्हणजे आई जाणार, मूल राहणार. ठीक आहे, मी जाते! पण माझ्या बाजूनं काय झालं होतं ते बोलले असते, तर अर्थ उलटा झाला असता. माझ्या मांडीवरून कोण गेलं होतं? मला वाटलं, हे तोंडातून निघालं की खरं होईल. माझ्यावर आलेलं आहे, माझ्यावरच राहू दे. तीस पाढे येणारी पंतोजीची मुलगी मी, आणि मनातल्या मनात देवाशी अदलाबदल करून बसले.

मग बापूला अंगावरून तोडलं. कडुनिंबाचा पाला वाटून मी अंगाला लावला. त्यानं तोंड लावलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं... वर्षाच्या मुलाला कळत नाही म्हणतात. कळतं. तीन दिवस तो माझ्याकडे यायचा, वास घ्यायचा आणि रडत मागे जायचा. जिजी त्याला वाटीनं दूध पाजायच्या. मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसायची, कारण आवाज ऐकला की तो दाराशी यायचा. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "तू नजरेपुढं असशीन तवरी तो सुधरत नाई. अकोल्याले जाऊन राह्य." तेव्हा अकोल्यापर्यंत आगगाडी नव्हती, रुळांचं काम चालू होतं. बैलांच्या दमणीनं मूर्तिजापूर करत जायला तीन दिवस लागायचे.

निघाले त्या दिवशी जिजी त्याला गाठींच्या थप्पीजवळ खेळवत होत्या. मी मागच्या दारानं गेले, त्यानं पाहू नये म्हणून. त्याला खोकला आला तो तेवढा ऐकला. पाठीमागून एकदा बघून घे, असं ह्यांनी म्हटलं. मी नाही म्हटलं. तो वळला असता तर माझा पाय निघाला नसता.

अकोल्याला बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, असं पाहा," ते म्हणाले, "त्या यंत्रापुढं जे हलतं ते उमटत नाही. पहिल्या काचेत पोराचं डोकं उमटलं नाही ना? तसं. तू हलली असशील."

"मी हलले नाही, बाबा."

"थोडीशी."

"मुळीच नाही. बारा मोजेपर्यंत मी हलले नाही."

"मग पट्ट्या कशा उमटल्या? तुझ्या पाठीआडच्या पट्ट्या?" ते स्वतःशीच पुटपुटले, आणि दोन दिवस पुस्तकं उघडून बसले. किती वेळा जिभेवर आलं होतं की बाबांना दुसरी अर्धी गोष्ट सांगावी! त्यांनी त्याच क्षणी दमणी जुंपली असती आणि म्हणाले असते, मूर्खासारखी बसू नकोस, पोराजवळ जा. ते असं म्हणतील हे ठाऊक होतं म्हणूनच सांगितलं नाही.

मी मरणाची वाट पाहत राहिले. हसू नका. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी माझं एक चांगलं लुगडं जिजींच्या नावानं बाजूला काढलं. रोज उठले की नाडी बघायची. काही होईना! भूक लागायची, झोप यायची, अंगावर मांस चढलं होतं. एवढी ठणठणीत मी जन्मात नव्हते. दूध आटायला मात्र फार दिवस लागले. शेजारचं मूल रडलं की चोळी भिजायची.

वैशाखात, सकाळी दहाच्या सुमाराला, मी अंगणात गहू निवडत बसले होते. सूप मांडीवर होतं. दारात दमणी थांबली आणि आमचे हे उतरले. बैलांच्या तोंडाला फेस होता. मला वाटलं, वाट पाहून थकले, मला शेवटचं बघायला आले. मी म्हणाले, "या. मी आहे अजून."

ते दारातच उभे राहिले. "बापू गेला," म्हणाले.

आणि मांडीवरच्या सुपाचं वजन गेलं. सूप तिथंच होतं, गहू तिथंच होते, मला दिसत होते. वजन नव्हतं. तेच गार लागलं. त्या माघातल्या दुपारी पासोडीखाली लागलं होतं ना... अगदी तेच. मी रडले नाही, ओरडले नाही. मला फक्त एवढं कळलं की ही जागा माझ्या ओळखीची आहे, मी इथं येऊन गेले आहे.

अमरावतीला पोचले तेव्हा सगळं उरकून आठ दिवस झाले होते. पुरायचं असतं लहानांना, वाट कोण बघणार? आवार कापसानं तसंच भरलेलं. आत्याबाई माझ्यासमोर आल्याच नाहीत, देवघरात भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. पुढे त्या दोन वर्षं जगल्या, पण माझ्याकडे मान वर करून त्यांनी कधी पाहिलं नाही. मला त्यांचा राग येत नव्हता. तसं सांगायचं होतं, राहून गेलं.

जिजी मला हाताला धरून त्या खुर्चीजवळ घेऊन गेल्या. खुर्ची आता ओसरीवर होती, पासोडी तिच्यावरच पडली होती.

"तू गेली त्या दिवसापासून तो या पासोडीचा कोपरा सोडे ना," जिजी म्हणाल्या. "तुह्या अंगाचा वास असन. घेऊनच झोपे, घेऊनच फिरे. मंग गोवर निंघाला. वैद झाले, सारं झालं. तिसऱ्या दिवशी लय रडून राहिला होता... मह्याजवळ येई ना, दूध घेई ना, नुसता पासोडी ओढून खुर्चीकडं दाखवे. मले समजलं त्याले काय पायजे ते. मी खुर्चीत बसली. पासोडी डोस्क्यावरून घेतली, तोंड झाकून. आत्याबाईनं त्याले मह्या मांडीवर देलं. मी बोट पुढं केलं पासोडीतून. त्यानं धरलं अन् चूप झाला. त्याले वाटलं आत तू हायेस."

त्यांनी पासोडीचा कोपरा सरळ केला.

"लय वेळ बसली मी तशीच. हलली नाई, जागा होईन म्हणून. अन् मंग, कसं सांगू तुले... मांडीवर होता, अन् नव्हता. कोणी उचललं नाई वं. वजनच गेलं. हातांत हात आले मह्ये. मी घाबरून पासोडी काहाडली, तं लेकरू मांडीवरच होतं. तसंच होतं. पण गेलं होतं."

तसबिरीत पासोडीवर बापू होता आणि पासोडीखाली त्याची आई नव्हती. खरंच नव्हती. ती तीन दिवसांच्या वाटेवर अकोल्याला बसून स्वतःची नाडी मोजत होती.

"जिजी," मी म्हणाले, "मले माहीत हाय ते. मलेही झालं होतं, तसबिरीच्या दिवशी. तीनापासून बारापर्यंत." आणि सगळं सांगितलं. काच एकच होती ते, बरं वाटलं होतं ते, सगळं.

 त्या गरीब बाईनं मला आयुष्यात एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. तेव्हाही आवाज चढवला नाही.

"मंग तवाच काहून नाई बोलली वं?" त्या म्हणाल्या. "बोलली असती तं आमी तुले जाऊ देलं असतं का?"

मला पुढे तीन मुलं झाली, तिन्ही जगली. त्यांना मी चालायला लागेपर्यंत खाली ठेवलं नाही, लोक हसायचे. काच मी फोडू दिली नाही. मागच्या वर्षी नातवाबरोबर एका फोटो स्टुडिओत गेले आणि त्याला बाहेर बसवून तिथल्या तरुण फोटोग्राफरला ती दाखवली. त्यानं भिंग लावून पाहिलं. "आजी, या खुर्चीत बाळाशिवाय कुणी बसलेलं नाही," म्हणाला. "पासोडीचा ताणसुद्धा तसा नाही. रिकामी खुर्ची आहे." मी म्हटलं, त्यात मी आहे. तो समजूतदारपणे हसला, म्हातारं माणूस म्हणून.

काय झालं होतं ते मला माहीत नाही. बाबांना शेवटपर्यंत उलगडलं नाही, मला काय उलगडणार? कुणा वाचकाला काचेबद्दल, औषधाबद्दल, उजेडाबद्दल काही ठाऊक असेल तर खुशाल कळवा, मी वाचीन. भूत होतं असं मात्र लिहू नका. पासोडीखाली मी होते, दुसरं कुणी नव्हतं. पण मला त्या काचेचं कोडं आता तेवढं छळत नाही. माझ्या हातातून माझं मूल गेलं हे मला कळलं होतं, तीन म्हणताच कळलं होतं. आणि तरी बारा मोजेपर्यंत मी हलले नाही.